पानं कुठं ठेवायची, सलीमभाई?

प्रिय सलीमभाई,

सलाम. तुम्ही जाऊन आठ महिने झाले. इतक्या दिवसांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. लिहिली असती तर भांडणच लिहिलं असतं. पण काल लासूर स्टेशनच्या एका शाळेतून क्लार्कबाईंचा फोन आला. "मॅडम, ती माहितीची पानं उघडतच नायत. सर कुठंयत?" काय सांगू मी त्यांना?

तुमची वेबसाइट बंद पडली, भाई. मुदत संपली, आणि पासवर्ड फक्त तुमच्याकडं.

गारखेड्यात, तुमच्या कॉम्प्युटर क्लासच्या मागच्या खोलीत आपण ती लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, लिहिली. जुन्या फॉन्टमधली मराठी नव्या कॉम्प्युटरवर नुसती अगम्य चिन्हं होऊन दिसते, ती वाचता येईल अशी करणारी. कुणीही फुकट घ्यावी, सुधारावी. कोड मी लिहायचा. तो वापरायचा कसा, ते साध्या मराठीत तुम्ही.

आणि भांडण एकच. ही पानं ठेवायची कुठं? मी म्हणायचे, कोडच्याच फोल्डरमध्ये. कोड उतरवून घेणाऱ्याकडं पानंही जातील. तुम्ही मान हलवायचात. "नक्को बेटा. तिथं सगळं इंग्रजी. शाळेतला क्लार्क तिथं घुसंल का? त्याला रस्त्यावरचा दरवाजा पायजे." आणि तुम्ही स्वतःची वेबसाइट उघडलीत.

तुमचंही खरंच होतं. गावोगावचे क्लार्क तुमची पानं वाचून मुलांचे जुने दाखले काढून देत होते. माझ्या कोडनं नव्हे, तुमच्या भाषेनं!

एकदा मी चिडून बोलले, "आणि उद्या तुम्ही नसलात तर?" तुम्ही हसलात. "मी कुठं चाललोय?" ते वाक्य माझ्या तोंडून का गेलं, भाई?

दवाखान्यात तुमच्या उशाशी बसले होते, तेव्हा पासवर्डचा प्रश्न ओठांवर आला होता. पण तो विचारणं म्हणजे 'तुम्ही आता उठणार नाही' असं तोंडावर सांगणं. मी क्लासच्या गळक्या नळाबद्दल बोलत राहिले. तुम्हाला कळलं होतं का? मग तुम्हीच का नाही सांगितलंत?

तुमच्यानंतर भाभींकडं गेले. त्यांनी तुमच्या वह्या पुढ्यात ठेवल्या. कशातच काही नव्हतं. मी परत परत विचारत राहिले तेव्हा म्हणाल्या, "एवढं जरुरी होतं, तर ते होते तेव्हाच विचारायचं ना." मी खाली मान घालून मुकुंदवाडीला घरी परतले.

खरं सांगू? वेबसाइट चालू असताना ती सगळी पानं उतरवून घ्यायला मला एक दुपार पुरली असती. पण घेतली असती तर पानांसाठी तुम्ही निवडलेली जागा मान्य केल्यासारखं झालं असतं. हट्ट, दुसरं काय!

काल क्लार्कबाईंना शेवटी खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सरांची थोडी पानं छापून ठेवलीत मी. न्या तुम्ही." आज जाऊन आणली. एकोणीस पानं. 'घाबरू नका, मूळ फाइल बिघडत नाही' या तुमच्या ओळीखाली त्यांनी पेन्सिलीनं रेघ मारलीय.

उर्दू नावांची पानं त्यात नाहीत. जुन्या नोंदींतली नावं कशी ओळखायची, ते तुम्ही दोन महिने खपून लिहिलं होतंत. क्लार्कबाईंना ती कधी लागली नाहीत, म्हणून छापली नाहीत. ती गेली, भाई. आणि मला ती लिहिता येत नाहीत.

वचन देते. ही एकोणीस पानं मी टाइप करून कोडसोबत ठेवीन, आणि तिथूनच ती साध्या मराठी वेबसाइटवरही दिसतील. पासवर्ड एकट्या माझ्याकडं राहणार नाही; भाभींकडं आणि क्लार्कबाईंकडंही राहील. उर्दू नावांच्या जागी मात्र अंदाजानं काही भरणार नाही. ते पान कोरं ठेवीन. वर एवढंच लिहीन, की इथलं सलीमभाईंनी लिहिलं होतं, आणि मी ते जपलं नाही.

तुमची,
प्रज्ञा