स्वॉनमीडची शीव

मार्लकोम, २८ एप्रिल १७४६

तीर्थरूप जाइल्सदादांस अँब्रोजचा सा. न. वि. वि.

जिल्ह्यातल्या गावांचं वर्णन छापू पाहणाऱ्या त्या सद्गृहस्थांनी तुम्ही लिहिलेली हॅझलबीची हकिकत पडताळायला माझ्याकडे धाडली. तीत, शेजारधर्म म्हणून असेल, तुम्ही आमच्या चर्चच्या घंटेचाही उद्धार केला आहे. ती म्हणे किंचित फुटकी आहे. दादा, घंटा फुटकी असते किंवा नसते. किंचित फुटकी हा प्रकार मला कुठल्याच शास्त्रात आढळला नाही. गाव प्रक्षुब्ध आहे. आमच्या घंटावाल्याने तर अन्न वर्ज्य केलं. बिअर तेवढी घेतो.

दुसरं म्हणजे स्वॉनमीडचं कुरण. तेही तुम्ही हॅझलबीत घातलंत. पुरात ओढ्याने पात्र बदललं हे खरं, पण कुरण काही ओढ्याबरोबर चालत गेलं नाही. तुम्ही म्हणता ओढा हीच शीव, आम्ही म्हणतो जुने दगड हीच शीव. सोमवारी आमची शिवेची फेरी. मंडळी रिवाजाप्रमाणे शिवेचे दगड काठ्यांनी बडवत निघतील. आमची छपरं शाकारणारा पीटर लॉज सांगत सुटला आहे की हॅझलबीचं कोणी आडवं आलं तर त्यालाच दगड समजून बडवू, दगडात आणि त्याच्या डोक्यात असा फरक तो काय. तेव्हा तुमची फेरी मंगळवारी काढावी.

वहिनींस नमस्कार. लोभ वाढवला नाहीत तरी चालेल. आहे तो घंटेसकट सांभाळावा.

तुमचा,
अँब्रोज

हॅझलबी, १ मे

चि. अँब्रोज यास अनेक आशीर्वाद.

घंटा फुटकी आहे. किंचित हा शब्द केवळ बंधुप्रेमाने घातला होता.

आपण दोघांनी एकेक चर्च वाटून घेण्याआधी, वडील दोन्ही गावांचे पाद्री असताना, फेरी एकच निघे आणि ती सोमवारीच निघे. आम्ही मंगळवारी निघालो तर कुरण सोडल्यासारखं होईल. आमचा लोहार नोआ हर्ड म्हणतो की मार्लकोमवाल्यांना वाट द्यायची तर आधी त्यांना आंघोळ घालावी लागेल, ओढा जवळच आहे. मी त्याला दटावलं. हसू आवरून दटावलं, एवढं खरं.

तू मात्र पुढे राहू नकोस. लहानपणापासून ढकललं की पडतोस. तुझ्या वहिनीने चीज पाठवलं आहे. प्रकृतीस जपावं, भावास विसरू नये.

जाइल्स

मार्लकोम, ६ मे

ती. दादांस सा. न. वि. वि.

आज विनोद सुचत नाही.

काल तुम्ही कुरणाच्या त्या टोकाला होतात, मी या टोकाला. मी शुभवर्तमान वाचत होतो. तुमच्या कुणीतरी आमच्या दगडावर लघवी केली, आमच्या कुणीतरी त्याचे दात पाडले आणि मग दगड बडवायच्या काठ्या माणसांवर चालू झाल्या. घंटावाल्याचा कान अर्धा फाटून लोंबत होता. जिच्या हातात फेरीला वाटायच्या पावांची टोपली होती त्या म्हातारीनेच एकाच्या डोळ्यात बोटं घातली. या माणसांना मीच दर रविवारी क्षमेवर प्रवचन देतो.

मी पडलो. पाठीवर दोघंतिघं कोसळले, तोंड चिखलात, श्वास बंद. वर काढला गेलो तेव्हा पीटर लॉज माझ्या शेजारी पालथा होता. मागून बसलेल्या घावाने कवटी खचली आहे. श्वास चालू आहे, शुद्ध नाही. त्याची बायको उशाशी बसून मला विचारते की कुरणात एवढं काय होतं.

नोआ हर्ड रक्ताळलेली काठी घेऊन जवळच उभा होता, म्हणून आमच्या लोकांनी त्यालाच धरलं. त्याची बोटं एकेक करून मोडली आणि कोठडीत टाकलं. मी थांबवू शकलो नाही.

तुम्ही सुखरूप आहात ना, ते कळवावं.

अँब्रोज

हॅझलबी, ८ मे

चि. अँब्रोज यास आशीर्वाद.

मी बरा आहे. पीटर कसा आहे? रोज कळव, माणूस पाठवून कळव.

स्वॉनमीड तुमचंच. त्या सद्गृहस्थांना तसं लिहिलं, घंटेचं वाक्यही काढायला सांगितलं. नोआ तापट आहे, हे सगळे जाणतात. तू चिखलात होतास, चष्मा गेला असणार; तुला काही दिसलं नसेल. विचारलं तर तसंच सांगावं.

तुझी वहिनी विचारते, मी जेवत का नाही. तिला काय सांगू?

जाइल्स

मार्लकोम, १० मे

दादा,

पीटर काल गेला. मृत्यूची चौकशी सोमवारी, आमच्याच चर्चमध्ये. मला शपथेवर बोलायचं आहे. पीटरच्या घरून निघताना त्याच्या बायकोने मला हाताला धरून सांगितलं की नोआला फाशी होईपर्यंत ती काळे कपडेही शिवणार नाही.

माझा चष्मा नाकावरच होता. तोंड क्षणभर चिखलाबाहेर आलं तेव्हा तुम्ही दोन्ही हातांनी काठी उचललेली मी पाहिली. प्रत्यक्ष पाहिली, अनुमानाला जागा असती तर मी आनंदाने तर्कशास्त्र उगाळत बसलो असतो.

आणि तुम्ही का मारलंत, तेही मला समजतं. पीटरने माझी मान धरलेली तुम्हाला दिसली. तो मला बुडवतो आहे, असं तुम्हाला वाटलं. दादा, तो मला बाहेर ओढत होता. हे तुम्हाला अजून कुणी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगतो.

नोआची काठी दुसऱ्याच कुणाच्या नाकाच्या रक्ताने माखली होती. मी गप्प बसलो तर तो लटकेल. बोललो तर तुम्ही. सोमवारच्या आत तुम्ही स्वतः येऊन सांगावं, असं मी देवाकडे मागतो आहे. निदान घाव भावासाठी घातला, हे तुमच्या तोंडून ऐकलं जाईल.

कुरणाचं, घंटेचं, गावाचं मला आता काही वाटत नाही. पीटरच्या बायकोकडे बघवत नाही, पण तीही माझी खरी काळजी नव्हे. तुम्ही आला नाहीत आणि शपथेसाठी माझा हात पुस्तकावर ठेवला, तर मी काही पाहिलं नाही असं सांगेन, याची मला भीती वाटते.

तुमचा धाकटा,
अँब्रोज