टाईन नाही, टीन

३ नोव्हेंबर, सोमवार

प्रिय दादा,

नमस्कार. पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, इकडे सगळे बरे आहेत. हवं तेव्हा फोनवर बोलता येत असताना ही पत्र कशाला लिहीत बसली, असं तुला वाटेल. वहिनीलाही वाटेल. तिला सांग, नणंदेला वयाप्रमाणे खूळ लागलंय. पण तू मात्र हे एकटा असताना वाच, एवढं माझं ऐक.

आमच्या ह्यांचा गुडघा बराच आटोक्यात आहे. बाजारात जायचं म्हटलं की दुखतो, मित्रांकडे जायचं म्हटलं की दुखत नाही. लेक नोकरीच्या गावी रुळली. आठवड्यातून एकदा फोन करते आणि मीच जास्त बोलते अशी तक्रार करते.

माझं शाळेतलं काम तेच. फाटक्या पुस्तकांच्या पाठीला कापडी पट्टी लावायची, शिक्के मारायचे, पुस्तक हरवलेल्यांवर डोळे वटारायचे. ग्रंथालयात बसून बावीस वर्षं झाली, कुणी मला कधी वर्गावर पाठवलं नव्हतं. गेल्या महिन्यात मात्र एक लचांड गळ्यात पडलं. इंग्रजीच्या बाई घसरून पडल्या, पायाला प्लास्टर. मुख्याध्यापिकांनी मला बोलावून सांगितलं, "तुम्ही दिवसभर पुस्तकांतच असता, सातवीचं इंग्रजी महिनाभर तुम्ही बघा."

मी म्हटलं, "मॅडम, माझं इंग्रजी कपाटातलं आहे, तोंडातलं नाही."

त्या हसल्या आणि वेळापत्रक माझ्या हातात ठेवलं.

पहिले दोन धडे निभावले. तिसरा धडा उघडला आणि तसाच मिटला. साथीच्या दिवसांवरचा धडा. एक मुलगी चौदा दिवस एका खोलीत बंद, खिडकीतून रस्ता बघते, एवढीच गोष्ट. पण तो शब्द शीर्षकातच, आणि पुढे चार पानांत अकरा वेळा. क्वारंटाईन. बघ, अजूनही हात तसाच लिहितो.

तुला आठवतंय का, मला माहीत नाही. मला मात्र त्या दिवसानंतर हा शब्द तोंडातून काढता आलेला नाही. साथ संपेपर्यंत मी 'वेगळं ठेवलंय', 'कोंडून घेतलंय' असं म्हणून वेळ मारून नेली. लोक हसायचे, म्हणायचे, अहो सरळ म्हणा की. आता वर्गासमोर काय म्हणणार? चाळीस पोरं पुस्तकात बोट ठेवून बसणार.

मग संगणकाच्या सरांना विचारलं. त्यांनी मला एक वेबसाइट उघडून दिली. ज्यांची बोलीच इंग्रजी आहे अशी देशोदेशीची माणसं तिथे एकेक शब्द आपल्या आवाजात म्हणून ठेवतात. आपण नुसतं बटण दाबायचं. त्या शब्दाखाली सात आवाज होते. मी मधल्या सुट्टीत नकाशांच्या कपाटामागे स्टूल टाकून, कानात ती इअरफोनची बोंडं घालून बसायचे. एका बाईचा आवाज अगदी स्वच्छ, जणू धुऊन वाळत घातलेला. एक म्हातारा शब्द म्हणायच्या आधी घसा खाकरतो. एका माणसाच्या मागे कुत्रं भुंकतं आणि तो तसाच शांतपणे म्हणून टाकतो. कुणी सुरुवात तोंड गोल करून करतं, कुणी पसरट. पण शेवट सातही जणांचा एकच. टीन. टाईन कुणीच म्हणत नाही, दादा. मी प्रत्येकाला वीस वीस वेळा ऐकलं. एक तरी माझ्यासारखं म्हणेल असं कुठेतरी वाटत होतं, हे कबूल करते.

म्हणजे तुझंच बरोबर होतं. आधी हे लिहून टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात 'तुझंच चुकत होतं' हा आधार मला नको.

आठवडाभर घोकलं. भांडी घासताना, बसस्टॉपवर, न्हाणीघरात. हे एकदा बाहेरून विचारते झाले, "आत कोण आहे तुझ्याबरोबर?" शेवटी जमलं. धड्याच्या दिवशी वर्गात गेले आणि ठसक्यात म्हटलं. पोरांनी मागून म्हटलं. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

मग दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीला वाचायला उभं केलं. दोन वेण्या, बारीक आवाज, पण धिटाईने वाचत होती. तो शब्द आला आणि ती म्हणाली, क्वारंटाईन. मी म्हटलं, "टाईन नाही गं, टीन." तिने पुन्हा वाचलं, पुन्हा टाईन. मी पुन्हा, "टीन." तिसऱ्या वेळी सगळा वर्ग माझ्याबरोबर ओरडला, "टीन!" आणि हसला. मीही हसले, दादा. ती पुस्तक हातात धरून नुसती उभी राहिली. मी म्हटलं, "हं, वाच पुढे." ती म्हणाली, "नको, बाई." आणि खाली बसली.

तास सुटल्यावर मी तिला बोलावलं. चूक सगळ्यांची होते, माझीही होत होती, असं काहीबाही सांगितलं. तिने मान हलवली आणि जिना उतरून गेली. एवढंच झालं. उद्यापर्यंत ती विसरेलही. पण मी ग्रंथालयात आले, दार ओढून घेतलं आणि टेबलावर डोकं टेकून बसले. कारण ते 'नको' मला ओळखीचं होतं.

आता खरं लिहिते.

साथीत बाबांना त्या वेगळं ठेवायच्या केंद्रात नेलं तेव्हा दुपार होती. तुझ्याकडे सकाळ. गाडी गल्लीतून वळली आणि मी तिथेच पायरीवर बसून तुला फोन लावला. तू कामाच्या मीटिंगमध्ये होतास, पण उचललास. मी म्हटलं, "दादा, बाबांना क्वारंटाईन केलं." तू म्हणालास, "काय केलं?" मी पुन्हा म्हटलं. तू म्हणालास, "टाईन नाही गं, टीन." मी रडत होते, मला ऐकूच आलं नाही, मी परत तेच म्हटलं. परत तू सुधारलंस. मग पलीकडून हसण्याचा आवाज आला. दोन-तीन माणसं. तुझ्या पडद्यावरची. तू त्यांना इंग्रजीत काहीतरी म्हणालास, त्यातलं 'माझी बहीण' एवढंच मला कळलं. मग मला म्हणालास, "तासाभरात करतो." आणि केलासही. बाबांची चौकशी केलीस, धीर दिलास, वहिनीही बोलली. तू वाईट वागला नाहीस. तुला तर काही झालंय हेच कळलं नव्हतं. आणि ते हसले, ते मला हसले की दुसऱ्याच कशाला, हेही मला कधी कळलं नाही.

पण माझ्या मनात ते हसणं रुतून बसलं. तू शिकलास, परदेशी गेलास, मी इथे राहिले, आई गेल्यावर बाबांना बघितलं. याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. ठरवलं, आता आपण होऊन याला फोन करायचा नाही.

पाचव्या दिवशी बाबांना मोठ्या इस्पितळात हलवलं. आणि सहाव्या दिवशी, संध्याकाळी पाचच्या सुमाराला, तिथल्या नर्सचा फोन आला.

दादा, बाबा गेले त्या तारखेला दर वर्षी तू मला एकच विचारतोस. "मी फोन केला असता तरी त्यांना कळलं नसतं ना गं?" आणि दर वर्षी मी म्हणते, "नाही रे, इस्पितळात नेलं तेव्हाच शुद्ध गेली होती."

ते खोटं आहे.

नर्स म्हणाली, "तुमचे वडील शुद्धीवर आहेत, बोलतायत. उद्या बहुतेक घशात नळी घालावी लागेल, मग बोलता येणार नाही. मी व्हिडिओ लावून देते, पाच मिनिटं बोलून घ्या. आणखी कुणाला जोडायचं असेल तर आत्ताच जोडा."

तुझं नाव समोर होतं. बोट नेलंही होतं. तेवढ्यात वाटलं, हा पुन्हा माणसांत बसलेला असेल. इस्पितळातले ते सगळे इंग्रजी शब्द मला त्याला सांगावे लागतील. तो पुन्हा सुधारेल. नको. आणि बोट मागे घेतलं.

मी बरीच वर्षं स्वतःला समजावलं की घाईत राहून गेलं, की उद्या जोडू असं वाटलं. तसं नव्हतं. नर्सने 'उद्या बोलता येणार नाही' म्हणून स्वच्छ सांगितलं होतं. मी रागाने जोडलं नाही.

बाबा पडद्यावर आले. तोंडावर मास्क, केस विस्कटलेले, पण डोळे टक्क उघडे. मला म्हणाले, "या मशीनचं बेअरिंग गेलंय, आवाज ऐक. सांग त्यांना." सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या पंपांवर गेली, तिथेही कान तेच काम करत होता. मी हसले. तेही हसले, आणि धाप लागली. मग म्हणाले, "दादा कुठाय? त्याला पण बोलव की यात."

मी म्हटलं, "तो कामात आहे, बाबा."

त्यांनी मास्क नीट केला. मग म्हणाले, "असू दे. कामात असेल तर नको त्याला."

मग ह्यांची, लेकीची चौकशी केली. टाकीची तोटी गळतेय ती बदलून घे म्हणाले. फोन ठेवायच्या आधी म्हणाले, "त्याच्या पोराला सायकल जमली का? मागच्या वेळी सांगत होता, पडतोय सारखा." मी म्हटलं, "हो, जमली." त्यांनी मान डोलावली. नर्सने फोन घेतला. दुसऱ्या दिवशी नळी घातली आणि चार दिवसांनी ते गेले.

तू कामात आहेस असं समजून ते गेले. तुला वाटतं, त्यांना कुणाची आठवण काढायची शुद्धच नव्हती. दोन्ही गोष्टी मी केल्या. एक त्यांच्याशी खोटं बोलून, एक तुझ्याशी.

पुढच्या महिन्यात तू येणार, तिकीट काढलंस, घरात सगळे वाट बघतायत. हे वाचल्यावर आलास तरी इथे उतरायचं की नाही ते तू ठरव. ह्यांना मी कालच सगळं सांगितलं. ते म्हणाले, "लिही त्याला. फोनवर सांगू नकोस, मध्येच रडशील आणि तोच तुझी समजूत घालत बसेल." म्हणून हे पत्र. माझी समजूत घालू नकोस.

एक विचारायचं राहिलं. भाच्याला तेव्हा खरंच सायकल जमली होती का रे? मी ठोकून दिलं होतं. बाबांनी ते तुला विचारायला हवं होतं आणि तू सांगायला हवं होतंस, पण उत्तर मी परस्पर देऊन टाकलं, आणि ते खरं होतं का हे मला आजही माहीत नाही.

पत्राच्या शेवटी धाकट्यांनी आशीर्वाद मागायचा असतो. या वेळी मागत नाही.

तुझी
बारकी