तीन नंबरच्या खिडकीची वाटणी

मी, एर्मेलिंदा तेहेदा रोसास, वय अडुसष्ट, अविवाहित, सरकारी नोंदणी कचेरीत तीन नंबरच्या खिडकीवर कारकून, राहणार सान हासिंतो, मेक्सिको, आज माझ्याच घरात, माझ्याच जेवणाच्या टेबलावर, माझ्याच हाताने माझ्या मालमत्तेची मरणोत्तर व्यवस्था लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण गुडघ्यांविषयी कायदा काही म्हणत नाही, असे नोटरी साहेबांनी सांगितले. मी हे कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. रागात लिहीत आहे, आणि रागाविषयीही कायदा काही म्हणत नाही, हे मी आधीच विचारून घेतले आहे.

टेबलाच्या त्या बाजूला नोटरी आबुंदियो साहेब बसले आहेत. साक्षीदार दोन. पहिले, बाल्तासार उरुतिया, वय सत्तावीस, आमची कचेरी सुधारण्यासाठी राजधानीहून पाठवलेले अधिकारी आणि माझ्या वरच्या खोलीतले भाडेकरू. दुसरा, फिदेन्सियो बारागान, विधुर, चार नंबरच्या खिडकीवरचा कारकून, समोरच्या घरात राहणारा, आणि नोकरीचा बहुतेक काळ माझ्या डाव्या हाताला बसलेला. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार असेल त्याला साक्षीदार होता येत नाही. फिदेन्सियोला काहीही मिळणार नाही, म्हणून त्याला मुद्दाम बोलावले आहे. येताना तो एक झाकलेले पातेले घेऊन आला आणि न विचारता स्वयंपाकघरात ठेवून आला. ते पातेले माझ्या मालमत्तेत धरू नये.

कलम १. हे राहते घर, परसातल्या लिंबाच्या झाडासह, माझ्या हयातीनंतर माझी भाची यारेली हिला मिळावे. यारेली ग्वादालाहाराला दातांची डॉक्टर आहे, तिला सरकारी नोकरीचा तिटकारा आहे, आणि हा तिचा सर्वांत मोठा गुण आहे. तिने घराला जांभळा रंग देऊ नये. भाडेकरू उरुतिया साहेबांना आमच्या कचेरीतली सुधारणा पूर्ण होईपर्यंत वरची खोली सोडायला सांगू नये. म्हणजे यारेलीला जन्माचा भाडेकरू मिळाला.

येथे उरुतिया साहेब म्हणाले, "सेन्योरा, हे लिहायलाच हवं का?"

मी म्हटले, "लिहिलं."

कलम २. माझा तपकिरी स्वेटर. हा स्वेटर मी नोकरीला लागले त्या वर्षी विणला आणि तेव्हापासून तो माझ्या खुर्चीच्या पाठीवर आहे. खुर्चीवर स्वेटर असला की बाई इथेच आहेत, आत्ता येतील, असे रांगेतली माणसे धरून चालतात. मी बाजारात गेले, दाताच्या डॉक्टरकडे गेले, एकदा तर बहिणीच्या लग्नाला चार दिवस गेले, तरी स्वेटरने खिडकी सांभाळली. उरुतिया साहेबांनी आल्या आल्या हजेरीची पाहणी केली. ते दर तासाला दारातून डोकावून खुणा करत होते. त्यांच्या अहवालात संपूर्ण कचेरीत सर्वांत नियमित कर्मचारी म्हणून तीन नंबरच्या खिडकीचा उल्लेख आहे. त्या आठवड्यात मी फ्लूने घरी पडले होते. सदर स्वेटर मी उरुतिया साहेबांना देत आहे.

"म्हणजे मलाही साक्षीदार होता येणार नाही," उरुतिया साहेब म्हणाले. मुलगा हुशार आहे. नोटरी साहेबांनीही मान डोलावली. तेव्हा हे कलम रद्द. स्वेटर यारेलीला द्यावा आणि तिने तो स्वतःहून उरुतिया साहेबांना भेट द्यावा.

कलम ३. शिलाई मशीन माझ्या शेजारी राहणाऱ्या, कचेरीसमोरच्या झेरॉक्सवाल्या क्लेओफासबाईंना द्यावे. त्यांना आता जोडधंदा लागणार आहे. कारण असे. आमच्याकडे कुठल्याही कामाला जन्मदाखला लागत असे, आणि तोही तीन महिन्यांच्या आत काढलेला. एकदा एक म्हातारे गृहस्थ माझ्या खिडकीशी काठी आपटून म्हणाले होते, "बाई, माझा जन्म जुना आहे, ताजा कुठून आणू?" मी त्यांना नवा दाखला काढून आणायला सांगितले. तो दाखला लोक माझ्याच खिडकीवर काढत, त्याच्या तीन प्रती क्लेओफासबाईंकडे करत आणि पुन्हा माझ्याच खिडकीवर आणून देत. मी त्या तपासून घेत असे. उरुतिया साहेबांनी ही अट काढून टाकली. त्या दिवशी क्लेओफासबाई रस्त्यापलीकडून त्यांना उद्देशून जे बोलल्या ते नोटरी साहेबांसमोर लिहिता येणार नाही. मला विचाराल तर उरुतिया साहेबांनी उत्तम केले. हे त्यांच्या तोंडावर सांगायचे राहून गेले होते, ते आज कागदावर सांगून टाकते.

मात्र एक खिडकी योजनेबद्दल मी त्यांना माफ करणार नाही. पूर्वी पाच खिडक्या आणि पाच रांगा होत्या. आता मधल्या भिंती पाडून एक खिडकी केली आहे आणि पाच रांगांची मिळून एक रांग झाली आहे, ती चर्चच्या पायऱ्यांपर्यंत जाते. त्या एका खिडकीवर यायला टोकन लागते. टोकन दुसऱ्या खिडकीवर मिळते. तिला खिडकी म्हणायचे नाही, स्वागतकक्ष म्हणायचे, असे परिपत्रक आहे. आम्ही पाचही कारकून होतो तिथेच बसतो. एक जण काम करतो आणि चौघे त्याला बघतो.

"तो पहिला टप्पा आहे," उरुतिया साहेब म्हणाले.

"साहेब, रांगेतली माणसं अजून तिथेच उभी आहेत. त्यांना दुसऱ्या टप्प्याचं काय सांगू?"

कलम ४. आता खुर्ची.

तीन नंबरच्या खिडकीची खुर्ची आधी माझ्या आजीची होती, मग आईची, मग माझी. आमच्याकडे तशीच रीत होती. माणूस निवृत्त झाला किंवा गेला की युनियनला एक नाव द्यायचे, आणि त्याच्या मुलाला, मुलीला, नवऱ्याला नाहीतर बायकोला ती जागा मिळायची. लोक घराण्याची जमीन सांगतात तशी आम्ही घराण्याची खिडकी सांगत असू. मला मूलबाळ नाही. भाचीला नोकरी नको. त्यामुळे माझी खुर्ची अख्ख्या कचेरीत सर्वांत लग्नाळू होती. मी नव्हते, खुर्ची होती.

या फिदेन्सियोला रामिरो नावाचा एक आडदांड मुलगा आहे. फिदेन्सियोची बायको वारली, त्याच्या दुसऱ्या वर्षापासून त्याने मला मागणी घालायला सुरुवात केली. तीही कशी, ते नमूद करते. सहा जानेवारीला तीन राजांच्या सणाला कचेरीत मोठा गोल गोड पाव आणतात. त्यात बाळ येशूची बोटाएवढी बाहुली लपवलेली असते. ज्याच्या तुकड्यात ती निघेल त्याने दोन फेब्रुवारीला सगळ्यांना मक्याच्या पिठाचे उकडलेले तमाल खाऊ घालायचे. खर्च टाळायला माणसे ती बाहुली गालात लपवतात, एका शिपायाने तर गिळली होती. फिदेन्सियो मात्र बाहुली असलेला तुकडा नेमका कसा हेरायचा कोण जाणे, पण दर वर्षी हात वर करून सांगायचा, "माझ्याकडे निघाली." आणि दोन फेब्रुवारीला मक्याच्या पानातला पहिला वाफाळता तमाल माझ्या टेबलावर ठेवून हळूच विचारायचा, "लिंदाबाई, माझ्या अर्जाचा विचार झाला का?"

मी दर वर्षी म्हणायचे, "अर्ज प्रलंबित आहे."

कचेरीतल्या बायका म्हणायच्या, "अगं, तो तुला नाही विचारत, खुर्चीला विचारतोय. आज तू बायको झालीस की उद्या खुर्ची त्याची, आणि परवा रामिरो तिच्यावर बसलेला दिसेल." मला ते पटले. पटायला नको होते, पण पटले. तमाल मात्र मी दर वर्षी खाल्ला.

गेल्या नोव्हेंबरात हुकूम आला. यापुढे कोणतीही जागा वारसाने मिळणार नाही, प्रत्येक जागेसाठी परीक्षा होईल. कायदा न्यायाचा आहे. माझी आजी गावातल्या एका पुढाऱ्याची चुलत बहीण होती, एवढ्या एका पात्रतेवर आमच्या तीन पिढ्यांनी या गावाला रांगेत उभे केले. बाहेरच्या एखाद्या हुशार मुलीला ती खुर्ची मिळावी हेच बरे. हुकूम वाचून दाखवला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. पण खरे सांगायचे तर मला गावाचा आनंद झाला नव्हता. मला वाटले, आता माझ्याकडे द्यायला काही उरले नाही, आता कळेल. हा आता विचारतो की नाही, एवढेच बघायचे.

त्याने विचारले नाही. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. डाव्या हाताला बसून तो शिक्के मारत राहिला आणि माझ्याकडे बघायचेही टाळू लागला. मग मला कळले. फार वाईट वाटले, हे लिहायला लाज वाटत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज अडवून ठेवले आणि माझा एक अर्ज असा निकाली निघाला.

म्हणून जाहीर करते की माझ्यामागे तीन नंबरच्या खुर्चीवर कोणाचाही हक्क नाही.

कलम ५. फिदेन्सियो बारागान यास काहीही नाही.

हे वाक्य मी मोठ्याने वाचले. नोटरी साहेब खोकले. फिदेन्सियो उभा राहिला.

"लिंदाबाई, या वर्षी पाव कापलाच नाही."

"मग?"

"साहेबांचं परिपत्रक होतं. कामाच्या जागी खाद्यपदार्थ आणायला मनाई. पाव नाही, तर बाहुली नाही. बाहुली नाही, तर तमाल नाहीत. मग मी कोणत्या आधारावर विचारणार होतो?"

"अहो, विचारायला तोंड लागतं, आधार कसला?"

"तुम्ही म्हणताय हे? तुम्ही? आजवर सोबतच्या कागदांशिवाय एक तरी अर्ज घेतलात का कोणाचा? माझ्या सख्ख्या आईचा परत पाठवलात!"

हे खरे आहे. तिच्या अर्जावर शिक्का उलटा होता.

उरुतिया साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. "ते परिपत्रक मुंग्यांसाठी होतं," ते म्हणाले. "दप्तरखान्यात मुंग्या झाल्या होत्या. मला काय ठाऊक?"

"तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही, साहेब," फिदेन्सियो म्हणाला. "मीच म्हटलं, नियमात बसेल असं काहीतरी करू. घरी पाव आणला आणि एकट्यानं खाल्ला. त्यात बाहुलीच नव्हती, बेकरीवाल्यानं हात आखडता घेतला. दुसरा आणला. तिसरा आणला. डॉक्टरांनी साखर तपासली आणि मला दवाखान्यातून हाकलायचंच बाकी ठेवलं. शेवटी निघाली. पण बाहुली चारचौघांत निघावी लागते ना? एकट्याला मिळाली तर ती कोण धरणार? मग तुम्ही परवा म्हणालात, दोन तारखेला या, नोटरी येणार आहेत, साक्षीदार असतील. मी म्हटलं, याहून चांगला योग नाही."

त्याने खिशातून घडी घातलेला रुमाल काढून टेबलावर, या कागदाच्या शेजारी उघडला. बाहुली होती. डोक्याला अजून साखर चिकटलेली होती.

"आणि रामिरो?" मी विचारले.

"रामिरोचं टायरचं दुकान आहे, लिंदाबाई. चांगलं चालतं. दुकानाच्या परवान्यासाठी तुमच्या खिडकीसमोर उभं राहून त्याचे केस पांढरे झाले. त्याला फुकट दिलीत तरी तो त्या खुर्चीवर बसणार नाही. तुम्ही कधी विचारलं नाहीत."

मी विचारले नव्हते.

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि पातेल्यावरचे झाकण काढले. हिरव्या मिरचीचे तमाल होते, माझ्या आवडीचे. तिथे मी किती वेळ उभी होते ते नोटरी साहेबांनी घड्याळात पाहिले असेल, मी पाहिले नाही. परत येऊन पुढचे कलम लिहिले.

कलम ६. कलम ५ रद्द. स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी, माझ्या खुर्चीच्या डाव्या हाताला असलेली दुसरी खुर्ची फिदेन्सियो बारागान यास द्यावी. ती त्याने माझ्या हयातीनंतर नव्हे, आजपासून वापरावी.

"मृत्युपत्रानं आजपासून काही देता येत नाही, सेन्योरा," नोटरी साहेब म्हणाले.

"मग मृत्युपत्रात नंतरची धरा. आजची मी तोंडी देते."

"पण मग यांना साक्षीदार म्हणून सही करता येणार नाही. यांना आता मिळकत मिळते आहे."

"लिंदाबाई," फिदेन्सियो म्हणाला, "म्हणजे अर्जाचा विचार झाला?"

मी त्याला उत्तर दिले. ते येथे लिहीत नाही. ते सरकारी काम नाही. एवढेच नमूद करते की त्यानंतर मी खिडकीतून हाक मारून क्लेओफासबाईंना दुसऱ्या साक्षीदार म्हणून बोलावले. त्या म्हणाल्या, "येते, पण आधी सांग, झेरॉक्स किती काढायच्या?" मग नोटरी साहेबांनी आठवण करून दिली की त्यांना कलम ३ मध्ये शिलाई मशीन मिळते आहे. मी क्लेओफासबाईंना दोन्हींतले एक निवडायला सांगितले. त्यांनी साक्ष निवडली आणि पातेल्यातले सहा तमाल. कलम ३ मधले मशीन त्यामुळे यारेलीकडे जावे.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला, आणि तो मला मान्य आहे.

स्थळ: माझे घर, सान हासिंतो. तारीख: दोन फेब्रुवारी.

सही: एर्मेलिंदा तेहेदा रोसास

साक्षीदार १: बाल्तासार उरुतिया (सही). तमाल खाऊन झाल्यावर मुंग्यांचे परिपत्रक मागे घेण्याचे तोंडी कबूल केले.

साक्षीदार २: ~~फिदेन्सियो बारागान~~ नाव खोडले. कारण: लाभार्थी.

साक्षीदार २: क्लेओफास मोंतिएल (सही).

माझ्यासमोर: आबुंदियो केसादा, नोटरी (सही व शिक्का, सुलटा).

दुरुस्ती: वर पहिल्याच वाक्यात माझ्या नावापुढे 'अविवाहित' असे लिहिले आहे. तो शब्द तूर्त तसाच राहू द्यावा, पण तीन महिन्यांनंतर ग्राह्य धरू नये. ए. ते. रो.