कुंडापाशी मारलेली थाप

३ जून, सोमवार
आले बाई एकदाची म्हैसूरला! कडकोळला निळीनं कापड रंगवायचा छोटा कारखाना आहे, तिथे मी क्वालिटीवाली. गूळ-चुना घालून निळीचं कुंड आंबवतात. वास असा की नाक धरावं, पण कापड बाहेर काढलं की हवेत हिरव्याचं निळं होतं, ते बघतच राहावं. आणि गंमत म्हणजे इथे मराठी! कुंडं सांभाळणारे अंबाजीराव पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचे रंगारी. वाक्य मराठीत सुरू करतात आणि कन्नडात संपवतात. पहिल्याच दिवशी मला ‘पोरी’ म्हणाले आणि डब्यातलं चित्रान्न अर्धं माझ्या ताटलीत वाढलं. इचलकरंजी आठवलीच नाही.

७ जून, शुक्रवार
मॅनेजर संकर्षण सर म्हणजे जमदग्नीचा अवतार. कापड बिघडलं की त्याचीच ओढणी करून दोषी माणसाच्या गळ्यात घालतात आणि दिवसभर काम करायला लावतात. आज कृष्णवेणीची पाळी. ती माझ्याबरोबर रंगाच्या छटा तपासते. ती रडत होती, आम्ही सगळे माना खाली घालून. मीसुद्धा.

कुंड रुसलं होतं, रंग धरेना. अंबाजीरावांनी घरातली रीत सांगितली. कुंड रुसलं की त्याच्यापाशी उभं राहून एक थाप मारायची, रंग चढतो. पण सुम्ने मारायची, म्हणजे उगीच. चामुंडीच्या टेकडीवरचा दगडी नंदी उठून पाणी प्यायला गेला, अशी. जित्या माणसाचं नाव घ्यायचं नाही, पोरी, गोत्तायता, कळलं का? मी हसून हसून दमले. रंग मात्र चढला हो.

१२ जून, बुधवार
चुना जास्त पडला. माझ्याच हातून. मोठ्या ऑर्डरचं कापड राखाडी. सर कुंडापाशीच आले, हातात ओढणी, कोणी केलं म्हणून गरजले. माझी जीभ टाळूला चिकटली आणि सुटली ती भलतंच बोलून. म्हटलं, अंबाजीरावांचे हात कापतात, चुना त्यांनी सांडला.

ओढणी त्यांच्या गळ्यात गेली. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

दुपारी त्याच कुंडातून असा निळा रंग निघाला की सर चक्क हसले. शाबासकी मला. लिहायलाही लाज वाटते.

१४ जून, शुक्रवार
अंबाजीरावांचे हात कापतायत. खरंच. चहाचा पेला धरवत नाही. परवापर्यंत सुईत दोरा ओवत होते, मी बघितलंय. सरांनी त्यांना घरी बसवलं. मी गेटापर्यंतही गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार होते?

१८ जून, मंगळवार
कुंड पुन्हा रुसलं. ओढणी माझ्याकडे यायला लागली. मी म्हटलं, कृष्णवेणीला छटा नीट दिसत नाहीत. एवढ्याशा बोलण्यानं काय होतंय—
रंग सुरेख चढला.

१९ जून
कृष्णवेणीला निळं दिसत नाही. आभाळ पांढरं दिसतं म्हणाली. घाबरून माझाच हात धरून बसली होती. माझाच! शी! काय करून बसले मी!
कुंडापाशी जाऊन म्हटलं, त्यांचे हात बरे आहेत, हिचे डोळे बरे आहेत. काही झालं नाही. जीव वाचवायला मारलेली थापच त्याला गोड लागते की काय—
रविवारी अंबाजीरावांकडे जायचं. पाय धरायचे. सगळं सांगायचं.

२१ जून
रंग पुन्हा बिघडला, सर कुंडापाशी. कृष्णवेणी शेजारी उभी. आणखी कुणाचं नाव— नाही. नाही घेतलं. म्हटलं, चूक माझी, सर.
तिथेच थांबायचं ना! पण ओढणी वर आली आणि बोलून गेले— हल्ली मला काही आठवतच नाही, सर, सांभाळून घ्या—
रंग चढला.

२२ जून
शेजारी बसते ती मुलगी. नाव अगदी ओठावर—

रविवार
चांगली साडी नेसून बसलेय. कुठेतरी जायचं होतं.
ही वही वाचली. अंबाजीराव म्हणून कुणी आहेत. किती दुष्ट ही लिहिणारी! देवमाणसाशी असं वागावं? मी तर कधी—
मग रडू का येतंय?
दारात एक म्हातारे आलेत. हात कापतायत. म्हणाले, कुणाकडून तरी कळलं, पोरी, तुला बरं नाही. त्यांना बसायला सांगून आत आलेय. डोळे पुसते आणि आधी विचारते, आपण को—