कॉम्प्युटरचा कौल

१२ जून १९८९, सोमवार
ऑफिसात कॉम्प्युटर आला. खोलीला एसी, आणि दाराबाहेर चपला काढायच्या. मी इतकी वर्षं खाण कंपनीच्या डिचोली ऑफिसात डिस्पॅच सांभाळतोय. गेल्या उन्हाळ्यात टेबलफॅन मागितला तर बजेट नव्हतं.
मॅनेजर गौरेशबाब म्हणाले, दसऱ्याला कॉम्प्युटर सेक्शनचा इन-चार्ज नेमणार. माझ्याकडे बघून म्हणाले. माझ्या मागे टायपिस्ट योगिता उभी होती, पण ती हिशेबात नाही.
निश्चय: उद्यापासून पहाटे उठून टायपिंगचा सराव.

१४ जून
उठलो नाही. कंबर धरली. कमलाक्षी म्हणाली, काम दिसलें की ह्यांची कंबर धरता, पान वाडलें की सुटता. आमचं घर मुळगावला, पण ही पेडण्याकडची, पार्स्याची. तिकडच्या बायकांच्या जिभेला काजूबियांचं तेल असावं, लागेल तिथे भाजतं. लग्न झाल्यापासून ऐकतोय.

२१ जून
कॉम्प्युटर बसवायला कोल्हापूरहून सुधीर नावाचा इंजिनीअर आलाय. आज नवल बघितलं. आपलं नाव घालून आत शिरलं की कामाआधी पडद्यावर एक विनोदी वाक्य येतं. दर वेळी वेगळं. सगळी इंग्रजी. सगळे हसले, मीही हसलो. समजलं नाही.
सुधीरला विचारलं, ही लिहितो कोण? म्हणाला, कुणालाच नक्की माहीत नाही. परदेशातल्या युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी ऐकलेलं, वाचलेलं, चहा पिताना कुणीतरी बोललेलं एका फाइलीत घालायला सुरुवात केली. वाढत गेली. दोन वाक्यांमध्ये टक्क्याची खूण असते, मशीन डोळे मिटून एक उचलतं. मूळ कुणाचं ते बहुतेक वेळा हरवतं, नाहीतर भलत्याच माणसाच्या नावावर चढतं.
म्हणजे जो टाइप करील त्याचं. हे मला पटलं. सुधीर म्हणाला, मराठी वाक्यंही घालता येतील, पण रोमन अक्षरांत. गोव्याच्या राजभाषेचं आंदोलन झालं तेव्हा मराठीसाठी मी मोर्चाला गेलेला माणूस (ऊन फार होतं, अर्ध्या वाटेवरून परतलो). पण असो, सोसायचं. साहित्यिक कोट्या पुरवायची जबाबदारी मी घेतली. इन-चार्ज व्हायला आणखी काय लागतं?
निश्चय: रोज तीन नवी वाक्यं.

२५ जून, रविवार
दिवसभर बसून एक झालं: 'विनोद हे जीवनाचे व्हिटॅमिन आहे, रोज एक गोळी घ्या.' सुंदर आहे. कमलाक्षीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, रिकामो ट्रक चड वाजता. आणि पोदेर आला म्हणून पाव घ्यायला गेली.
हे वाक्य बरं वाटलं. शुद्ध करून घेतलं: 'रिकामा ट्रक जास्त वाजतो.'

३ जुलै
माझी सात-आठ वाक्यं मशीनमध्ये गेली. कंबर, ट्रक वगैरे. ऑफिस हसून लोळतंय. मला बघितलं की जास्त हसतात. लेखक समोर असला की तसं होतंच. व्हिटॅमिन आलं तेव्हा कुणी हसलं नाही. ते विचार करायला लावणारं आहे.
ही वाक्यं कमलाक्षीची, असं कुणी म्हणेल तर ते अडाणीपणाचं होईल. ती बोलते ती नुसती माती. खाणीतली माती धुऊन, चाळून, ग्रेड लावून बोटीवर चढवतो तेव्हा तिला माल म्हणतात. ग्रेड मी लावतो.

१९ जुलै
आज भलतंच घडलं. काट्यावर ट्रक वजन करणारा आमचा बाबली अनवाणी कॉम्प्युटरच्या खोलीत आला, हात जोडून उभा राहिला. मुलीला एका ट्रकवाल्याचं स्थळ आलंय, देऊं की नको, सगुणबाब, तुमी आंत वचून पळयात, म्हणाला. म्हणजे मी मशीनमध्ये जाऊन बघायचं. सुधीरला कळेना. त्याला सांगितलं, आमच्याकडे देवाच्या अंगाला पाकळ्या लावून कौल घेतात, उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. बाबलीला हे मशीन तसंच वाटतंय. थंड खोली, चपला बाहेर, आत गेल्यावर एकच वाक्य. त्याची तरी काय चूक?
नाव घातलं. पडद्यावर आलं: 'रिकामा ट्रक जास्त वाजतो.'
बाबलीने पडद्याला नमस्कार केला आणि स्थळ मोडलं. माझ्या एका वाक्याने!

२४ जुलै
बाबलीची मुलगी जेवत नाही म्हणे. तिला तो ट्रकवाला आवडला होता. चांगल्या साहित्याचा परिणाम खोलवर होतो.
आता सगळेच कौल घ्यायला येतात. रजा मागू का, म्हैस विकू का. सुधीर डोकं धरून म्हणतो, अहो, ते आंधळेपणाने उचलतंय! मी म्हटलं, बाबा, देवाची पाकळी तरी कुठे बघून पडते?

२८ ऑगस्ट
चवथ जवळ आली. गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटोळीचं सामान आणायचं माझ्याकडे होतं. विसरलो, कारण म्हापशाला फिरती खुर्ची बघायला गेलो होतो. इन-चार्जला हात ठेवायची जागा असलेली, मोठी खुर्ची लागते. माटोळीला बांधायचे नारळ, सुपाऱ्या, रानफळं कमलाक्षीने शेजाऱ्यांकडून गोळा केली. मी खुर्चीचं वर्णन करत होतो. ती वर न बघता एक वाक्य बोलली. शब्द ग्राम्य होता, इथे लिहीत नाही. सुधारून घेतलं: 'खुर्ची मोठी केली म्हणून माणूस मोठा होत नाही.' उत्तम झालं. योगितासारख्यांना चांगलं लागू पडेल.

९ ऑक्टोबर
उद्या दसरा. मशीनची पूजा, सगळ्यांना सहकुटुंब बोलावलंय. कमलाक्षी यायला तयार नव्हती. म्हटलं, नवऱ्याचा मान बघायला चल. नवी साडी नेसते म्हणाली. ह्या निमित्ताने खूश झाली तर बरंच.
आभाराचं भाषण पाठ केलं. शेवटी व्हिटॅमिनचं वाक्य.

१० ऑक्टोबर, दसरा
थोडक्यात लिहितो.
मशीनला झेंडूची माळ घातली. नारळ सुधीरने बाहेर फोडायला लावला. गौरेशबाब मजेत होते. म्हणाले, माझ्याकडे दोन नांवां, सगुणबाब आणि योगिता. दसऱ्याचो दीस, कौल घेवया. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. सगुणबाबांक इन-चार्ज करूं काय, असं विचारून त्यांनीच नाव घातलं.
बाबलीने मोठ्याने वाचलं. खुर्ची मोठी केली म्हणून माणूस मोठा होत नाही.
मग मागून कमलाक्षीचा आवाज आला. मनीस खंय म्हणलो हांवें? हांवें कुल्लो म्हणलो! कदेल व्हड केलें म्हणून कुल्लो व्हड जायना!
तिच्या तोंडून निसटलं, हे मी मान्य करतो. पण मग खोली अशी हसली की एसी ऐकू येईना. गौरेशबाबांनी विचारलं, वहिनी, हें तुमचें? ती गोंधळून पडद्याकडे बघत राहिली. त्यांनी परत बटण दाबलं. कंबर आली. परत दाबलं. ट्रक आला. बाबलीने पहिले दोन शब्द वाचले की ती पुढचं सांगत होती, पण आवाज बारीक होत गेला. कुणाबद्दल बोललेलं ते विचारावं लागलं नाही. सगळे माझ्याकडेच बघत होते.
मीही हसलो. मोठ्या मनाने हसलो.
योगिता इन-चार्ज झाली.
बसने घरी आलो. कमलाक्षी दार उघडून म्हणाली, तुमी बदलचे म्हणून हांव सांगतालीं, तुमी बरोवन घेवपाक आयकताले. एवढंच. रडत नव्हती, हे बघितलं.
वाक्य चांगलं आहे. शुद्ध करून नोंद ठेवतो: 'तुम्ही बदलावं म्हणून मी सांगत होते, तुम्ही लिहून घ्यायला ऐकत होतात.'

१७ ऑक्टोबर
योगिताने पहिला हुकूम काढला: प्रत्येक वाक्याखाली मूळ माणसाचं नाव. आता सगळीकडे 'कमलाक्षी, मुळगाव'. माझं एकच राहिलं, व्हिटॅमिनचं, त्याखाली माझं नाव घालायला ती विसरली. घाईत होतं असं. आठवण करणार होतो, पण आपण होऊन सांगणं बरं दिसत नाही.
तिने कमलाक्षीला निरोप धाडला, आणखी वाक्यं द्या. कमलाक्षीने उलट निरोप दिला: सरलीं.

३० ऑक्टोबर
दिवाळीचे पोहे माझ्या हातून सांडले. सगळी परात. ती काय बोलते ते ऐकायला थांबलो. तिने पुसून काढलं आणि दुसरे भिजत घातले. मी म्हटलं, काही बोलणार नाहीस? म्हणाली, चहा निवता.

९ नोव्हेंबर
मुद्दाम उशिरा उठलो. पाव आणला नाही. कंबर धरली असं दोनदा सांगितलं. कमलाक्षीने तेल आणून दिलं, बाटली खाली ठेवली, गेली.
घर फार शांत आहे. लिहायला चांगलं. काही सुचलं नाही.
निश्चय: तिची माफी मागावी. आधी योग्य शब्द सापडले पाहिजेत.

१४ नोव्हेंबर, मंगळवार
सगळ्यांच्या आधी ऑफिसात गेलो. चपला बाहेर काढल्या. सिस्टीम नीट चालते का हे जुन्या माणसाने अधूनमधून बघायला हवं, म्हणून नाव घातलं.
व्हिटॅमिन आलं.
बाहेर आलो, परत नाव घालून आत गेलो. कंबर आली. खाली कमलाक्षी, मुळगाव. दोनदा वाचलं, एकदा मोठ्याने. तिच्यासारखं जमलं नाही.
बाहेर आलो, परत आत गेलो. व्हिटॅमिन.
परत.