निवृत्तांच्या अंगणातली रोपं

तीर्थरूप दादा,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. तुझी पाठ, वहिनींचा खोकला आणि गॅलरीतला तुझा पुदिना असे तिघेही बरे असावेत. मी ठीक आहे. म्हणजे तू विचारलंस तर ठीक आहे, वहिनींनी विचारलं तर सविस्तर सांगेन.

तू शेती सोडून कचेरीतल्या नोकरीवर निघालास तेव्हा बाबा बांधावर उभे राहून म्हणाले होते, "सोडायची तर चांगल्या वर्षी सोडावी. वाईट वर्षी सोडून जाणाऱ्याने परत या बांधावर पाय ठेवू नये." पुढे वाटणीत घर आणि शेत माझ्याकडे आलं, पण या वाक्याचीही वाटणी झाली हे मला फार उशिरा कळलं. दुसरा अर्धा भाग तू घेतलास. बाबा गेल्यावरसुद्धा तू येतोस तेव्हा व्हरांड्यातल्या खुर्चीत बसतोस, तिथूनच टोमॅटोच्या ओळी वाकड्या आहेत असं सांगतोस, टोमॅटो घेऊन घरी जातोस, पण बांध काही ओलांडत नाहीस. (कचेरीत नियम पाळणारा माणूस घरी इतका पाळेल असं बाबांनाही वाटलं नसेल.) पहिला अर्धा भाग माझ्या वाट्याला आला. कित्येक वर्षं आम्ही दोघं नवरा-बायको शेती सोडायला तयार होऊन बसलोय, पण चांगलं वर्षच येत नाही. आणि आलं, तर सोडायची कशाला? ही अडचण बाबांच्या लक्षात आली नव्हती की चांगली लक्षात आली होती, याचा विचार मी हल्ली भांडी घासताना करते.

तर बातमी अशी की या वर्षी ते वर्ष आलं. त्याचं श्रेय तुझ्या मेहुण्यांच्या नियोजनाला आहे, असं तुझ्या मेहुण्यांचं म्हणणं आहे. खरं म्हणजे लागवडीच्या तोंडावर आपली मोटर जळाली. मेकॅनिक रोज "उद्या येतो" म्हणायचा आणि उद्या झाला की पुन्हा तेच म्हणायचा. आजूबाजूच्या सगळ्यांची झाडं फळांनी वाकली तेव्हा आपली वीतभर होती, आणि येणारेजाणारे आमच्याकडे आजाऱ्याकडे बघावं तसं बघायचे. मग नको त्या महिन्यात वारा आणि पाऊस आला आणि सगळ्यांच्या काठ्या, तारा, फळं, सगळं आडवं झालं. आपल्याकडे आडवं व्हायला काही उभंच नव्हतं. आपला माल निघाला तेव्हा बाजारात दुसऱ्या कुणाचा नव्हता. खत, डिझेल, मजुरी हे सगळं आभाळाला टेकलेलं असूनही हातात काहीतरी उरलं. शेतीखात्याची एक तरुण बाई चौकशीला आली, तर हे तिला उशिरा लागवड करण्याच्या शास्त्राबद्दल तासभर सांगत होते. (मेकॅनिक तिथेच होता. त्याने चहाबरोबर दोन बिस्किटं जास्त घेतली.)

पण त्याच तोडणीत एक दिवस हे क्रेट उचलायला वाकले आणि अर्ध्यातच थांबले. मग क्रेटमधला एक टोमॅटो हातात घेऊन, आयुष्यात पहिल्यांदा बघत असल्यासारखा उलटसुलट करून बघत उभे राहिले. कपाळावर घाम होता आणि ऊन काही तेवढं नव्हतं. मी क्रेटची दुसरी बाजू धरली आणि म्हटलं, वाटेत काय ठेवता, मला जायचंय. त्या रात्री जेवताना मी म्हणाले की बाबा म्हणायचे ते वर्ष हेच, आता थांबू या. मला वाटलं होतं भांडण होईल, मी तयारीनिशी बसले होते. हे लगेच "बरं" म्हणाले. दादा, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या "बरं"ची मला जेवढी भीती वाटली तेवढी वादळाची वाटली नाही.

मग आम्ही निवृत्तीची तालीम करायला लेकीकडे गेलो. सहावा मजला, लिफ्ट, सगळं छान. लेकीने आम्हा दोघांना डॉक्टरांकडून तपासूनही आणलं. यांनी पहिल्याच पहाटे उठून खाली लिफ्टसमोरच्या कुंड्यांना पाणी घातलं, मग हे रोजच घालायला लागले. शेवटी वॉचमनने हळूच सांगितलं की काका, ती झाडं प्लास्टिकची आहेत. हे म्हणाले, तरीच एकही पान पिवळं पडलं नाही, मला वाटलं माझ्या हाताचा गुण. मीही काही कमी नाही. पिकलेले टोमॅटो खाली ठेवले म्हणून भाजीवाल्याला बोलले आणि त्याची सगळी रास उपसून पुन्हा लावून दिली. लेक मागे उभी राहून त्याची माफी मागत होती. तो म्हणाला, राहू द्या ताई, यांना रोज पाठवत जा. संध्याकाळी यांच्या फोनमधली हवामानाची तीन ॲप तीन गोष्टी सांगायची, आणि "आपल्याकडे आभाळ भरलंय" असं यांनी म्हटलं की सगळ्यांचे घास थांबायचे. रिकाम्या शेतासाठी! ठरलेल्या मुदतीच्या बरेच आधी आम्ही परत आलो. निरोप देताना लेकीला वाईट वाटलं. जावई आमच्या पिशव्या उचलून आमच्याही पुढे लिफ्टपाशी पोचला होता.

घरी आल्यावर निवृत्ती जोरात सुरू झाली. हे तुझ्या खुर्चीत बसायचे आणि नांगरट न झालेल्या जमिनीकडे बघायचे. भाजीत मीठ जास्त झालं तरी काही बोलायचे नाहीत. मीही त्यांच्याशी पाहुण्यांशी बोलावं तसं बोलायला लागले. ट्रॅक्टरवाला विचारायला आला, तेव्हा आम्ही एका सुरात सांगितलं की आम्ही शेती सोडली. तो हसत दुसऱ्याकडे गेला. तर असं आमचं सुखात चाललंय. तू काळजी करू नकोस. वहिनींना नमस्कार.

तुझी धाकटी बहीण

ता. क. सुखाबद्दल वर लिहिलंय ते परवापर्यंतचं. परवा रोपवाटिकेचा टेम्पो दारात आला आणि टोमॅटोच्या रोपांचे ट्रे उतरायला लागले. मी आश्चर्य वाटल्यासारखं केलं, कारण यांना पुन्हा माझ्याशी भांडायला काहीतरी मिळावं म्हणून मीच थोडी रोपं सांगितली होती. पण थोडी कुठली, व्हरांडा भरला, अंगण भरलं. आणि माझ्यापेक्षा जास्त आश्चर्य हे करत होते. टेम्पोवाला ट्रे मोजत म्हणाला, "काकू, तुम्ही म्हणालात काकांना सांगू नका. काका म्हणाले काकूंना सांगू नका. मी कुणालाच सांगितलं नाही." मी यांना विचारलं, तुम्ही का मागवलीत? हे म्हणाले, "तू माझ्याशी नीट बोलायला लागली होतीस. मला वाटलं, डॉक्टरांनी तुला माझ्याबद्दल काही सांगितलंय की काय."

ता. क. दुसरा. डॉक्टरांनी सांगितलंय. वजन उचलायचं नाही, बाकी सगळं चालेल. ते मी यांना सांगितलेलं नाही, हे काही उचलायला वाकले की मी फक्त वाटेत आडवी येते. पण या वर्षी रोपं दुप्पट आहेत, म्हणजे ट्रे आणि खताच्या गोण्याही दुप्पट, आणि मला एकाच वेळी दोन ठिकाणी आडवं येता येत नाही.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं इथूनच सुरू होतं. ट्रॅक्टर सांगितलाय, लागवडीपुरता ये. तू आलास तर हे तुझ्यावर हुकूम सोडत बांधावर बसतील, स्वतः काही उचलणार नाहीत. तू नाही म्हणशील हे मला माहीत आहे. पाठीचं कारण सांगशील, मग पुदिन्याचं, आणि बाबांचं वाक्य मनातच ठेवशील. पण ते वाक्य नीट आठवून बघ. बाबांनी पायाबद्दल सांगितलं होतं. दाराशी यांचे जुने गमबूट धुऊन ठेवलेत. ते तुला मोठे होतील, म्हणजे तुझा पाय जमिनीपासून चांगला वरच राहील.

रोपं सावलीत आहेत. रविवारपर्यंत मी त्यांना कशीबशी थांबवते.