पुण्याची दोन बोटं सावली

गुरुजी, आज दुपारी गच्चीवर माझी सावली पायाखाली गेली आणि आधी तुम्हीच आठवलात. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच, पुढचं आयुष्य इचलकरंजीत यंत्रमागावर गेलं. शिकलेलं बरंच विसरलो, पण मे महिन्यातली ती दुपार विसरलो नाही. सुट्टी असूनही तुम्ही आम्हाला मैदानात बोलावलं होतं. मधोमध मीटरभर काठी रोवलेली. सूर्य बरोबर डोक्यावर येतो, काठीची सावली नाहीशी होते आणि मी भोकाड पसरतो. ज्याला आपली सावली दिसत नाही त्याचे दिवस भरले, असं आई म्हणायची. तुम्ही माझा कान धरलात. "रडतोस काय लेका? काठी मेली व्हय?" सगळी पोरं हसली.

त्याच दुपारी पुण्यात तुमचे एक मित्र तशीच काठी रोवून उभे होते. पुढं त्यांचं कार्ड आलं, सावली दोन बोटं. तुम्ही मातीत गोल काढून समजावलंत. काठीपुढं सावली जेवढी लहान, तेवढंच कोल्हापूर ते पुणे हे सरळ अंतर पृथ्वीच्या मध्यापर्यंतच्या अंतरापुढं लहान. "पर एकट्याला पृथ्वी मोजता येत न्हाय. दुसऱ्या गावात कुणीतरी उन्हात उभं ऱ्हायला पायजे."

ही गेल्यापासून कोल्हापुरात राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये मी एकटाच असतो. मुलगा पुण्यात. फोन करतो, गोळ्या घेतल्या का विचारतो, ठेवतो. तिकडं काठी धरून उन्हात उभा राहा, हे त्याला सांगावं की नको, याचाच घोर लागला होता. म्हातारा बिघडला म्हणेल. शेवटी काल सांगून टाकलं.

"बाबा, उद्या ऑफिस हाय."

"साहेबाला सांग, बाप पृथ्वी मोजतोय."

तो हसलाही नाही. बघतो म्हणाला.

आज काठी घेऊन जिना चढताना दोनदा थांबलो. आईचं बोलणं या वयातही सुटत नाही. वर काही झालं तर खाली कळणार कुणाला? काठीची सावली आखडत गेली, बुंध्याशी गोळा झाली, संपली. मी फोनकडं बघत राहिलो. तळपाय भाजले. खाली जावं म्हणून वळलो, तोच फोन वाजला.

"बाबा! पार्किंगमध्ये पडद्याचा दांडा धरून उभा हाय. वॉचमन विचारतोय, साहेब, काय हरवलं काय? दोन बोटं भरली! तुमच्याकडं?"

"काय न्हाय."

"काय न्हाय म्हंजे?"

"सावलीच न्हाय रे!"

तो एवढ्यानं ओरडला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग किती तरी वेळ बोलत राहिला. म्हणाला, मोबाईलवर बघितलंय, सूर्य परत फिरताना ऑगस्टात पुन्हा कोल्हापूरवर येतो. "तवा रजा काढून येतो. इकडं तुमच्या सुनेला उभी करतो, मी तुमच्या शेजारी."

गुरुजी, हे तुम्हाला पोचणार नाही म्हणूनच लिहितो. ऑगस्टात आपल्याकडं आठ-आठ दिवस ऊन पडत नाही. सूर्य डोक्यावरून कधी गेला, कळतसुद्धा नाही. इतकी वर्षं तिकडं राहून तो हे विसरला असेल. मी आठवण करून दिली नाही. नुसतं "ये" म्हणालो.